"गोळी घातली तर केस होत नाही" असं बहीण म्हणतेय, खरंय का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी नाशिकची. माझी धाकटी बहीण लग्न करून फ्लोरिडाला टँपाला गेली, नवरा तिकडचा सिटिझन आहे, तिचं ग्रीन कार्ड अजून ते दोन वर्षांचं कंडिशनल वालं आहे. मुलगी आठ महिन्यांची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मारहाण सुरू झाली, गेल्या महिन्यात त्याने तिचा गळा आवळला, तिला दोन दिवस धड गिळता येत नव्हतं. त्याच्याकडे पिस्तूल आहे, बेडरूमच्या कपाटात असतं, प्यायला की काढून समोर टेबलावर ठेवतो. परवा व्हिडिओ कॉलवर ती शांतपणे म्हणाली, ताई आता तो परत अंगावर आला की मी तेच त्याच्यावर चालवणार, इथे स्टँड युअर ग्राउंड कायदा आहे, स्वतःच्या घरात गोळी घातली तर केस पण होत नाही. तो झोपला की ते काढून उशीखाली ठेवेन म्हणाली. व्हॉट्सॅपवर पण लिहिलंय, "एकदाच काय तो निकाल लावते". मला झोप लागत नाही. खरंच असा कायदा आहे का? असं काही घडलं तर किती शिक्षा होते? मी इथून नाशिकला केस टाकू का? आणि आईला सांगू का, तिला बीपी आहे. – एक मोठी बहीण

उत्तर:

ताई, आधी एकच गोष्ट सांगते मग बाकीचं. त्याने गळा आवळलाय आणि घरात पिस्तूल आहे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते "नवराबायकोचं भांडण" राहत नाही, तुमची बहीण जिवाच्या धोक्यात आहे आणि तो धोका आजचा आहे. अमेरिकेत २००३ साली एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की मारणाऱ्या नवऱ्याच्या हाताशी बंदूक असेल तर बायकोचा जीव जाण्याचा धोका साधारण पाच पट होतो, आणि २००८ च्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की ज्या बाईचा आधी एकदा गळा आवळला गेलाय तिचा पुढे खून होण्याची शक्यता सात पटीच्या आसपास जाते. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये, तुमची बहीण उगाच अतिरेकी बोलतेय असं घरातल्या कुणाला वाटत असेल तर त्यांना वाचायला द्या म्हणून लिहितेय. ती जे बोलतेय ते भीतीने बोलतेय आणि भीती खरी आहे. फक्त तिने जो उपाय मनात धरलाय ना, त्याच्या मागचा कायदा तिला कुणीतरी अर्धाच सांगितलाय.

मी फ्लोरिडाची वकील नाही, तिने तिथल्या वकिलाशी बोलायलाच हवं, पण या विषयावरच्या केसेस मी बरीच वर्षं वाचतेय, त्यातलं जे नक्की आहे तेवढंच लिहिते.

स्टँड युअर ग्राउंड फ्लोरिडात आहे, २००५ पासून. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्यावर जीवघेणा हल्ला होत असेल किंवा होणारच असेल तर आधी पळून जायचा प्रयत्न केलाच पाहिजे असं बंधन नाही. पण हल्ला त्या क्षणाला हवा. काल मारलं होतं, उद्या मारणार आहे, हे पुरत नाही. आणि तुमची भीती तुमच्या जागी असलेल्या कुठल्याही शहाण्या माणसाला वाटली असती अशी हवी, हे नंतर बाहेरची माणसं ठरवतात, एसी लावलेल्या कोर्टात बसून, ज्यांनी तुमच्या घरातली एकही रात्र पाहिलेली नसते.

आता ती जे "स्वतःच्या घरात" म्हणतेय ना, तिथेच मोठी गोम आहे. घरात कुणी जबरदस्तीने घुसला तर घरातल्याला जिवाची भीती वाटली असं कायदा तिथे गृहीत धरतो, घरवाल्याला वेगळं सिद्ध करत बसावं लागत नाही. पण हे गृहीत त्या माणसाविरुद्ध लागू होत नाही जो स्वतःच त्या घरात कायदेशीर राहतो. म्हणजे चोराविरुद्ध लागू, नवऱ्याविरुद्ध नाही. याला कायद्यातच एक अपवाद लिहिलाय आणि तो तुम्ही नीट वाचा, त्या माणसाविरुद्ध घरगुती हिंसेचा कोर्टाचा इन्जंक्शन म्हणजे मनाई हुकूम असेल, किंवा कोर्टाने लेखी नो कॉन्टॅक्ट ऑर्डर, म्हणजे तिच्याशी संपर्क ठेवायचा नाही असा हुकूम, दिलेली असेल, तर मग तो घरातला राहत नाही, बाहेरून घुसणाऱ्यासारखा धरला जातो. म्हणजे तुमच्या बहिणीला पिस्तुलाआधी कागद लागतो. कागद नसताना तीच गोळी वेगळी मोजली जाते आणि कागद असताना वेगळी. आणि खरं सांगायचं तर कागद वेळेत मिळाला तर बहुतेक वेळा गोळीपर्यंत गोष्ट जाऊच नये यासाठीच तो आहे.

एक गोष्ट तिच्या बाजूची पण आहे. १९९९ मध्ये फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टाने वायंड नावाच्या केसमध्ये सांगितलं की नवऱ्याने घरात हल्ला केला तर बायकोने आधी घर सोडून पळायला पाहिजे होतं असं म्हणता येणार नाही. त्या केसमधल्या बाईने १९९४ मध्ये भांडणात नवऱ्याला गोळी घातली होती, घरात सात आठवड्यांचं बाळ होतं, तिला १८ वर्षं लागली होती आणि या निकालाने तिची ती शिक्षा उलटली. निकालात एक गोष्ट लिहिली गेली जी आपल्याकडच्या सासूसासऱ्यांनी आणि पोलिसांनी पण वाचायला हवी, की मार खाणारी बाई घर सोडायला निघते तेव्हाच धोका सगळ्यात वाढतो, त्यामुळे "निघून का नाही गेलीस" हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. पण बघा, हे ऐकून घ्यायला तिला आधी दोषी ठरून जेलमध्ये जावं लागलं आणि मग वरपर्यंत भांडावं लागलं.

आता मरिसा अलेक्झांडरची केस सांगते, कारण ती फ्लोरिडाचीच आहे, जॅक्सनव्हिलची, आणि तुमच्या बहिणीसारखंच तिला पण वाटलं होतं की कायदा आपल्या बाजूने आहे. ऑगस्ट २०१०. तिची नऊ दिवसांपूर्वी डिलिव्हरी झालेली, बाळ वेळेआधी जन्मलेलं म्हणून हॉस्पिटलमध्येच. शिकलेली बाई, मास्टर्स केलेली, पोलिसात एकही नोंद नाही, बंदुकीचं परमिट रीतसर. नवऱ्याने आधी मारलेलं होतं, त्याच्याविरुद्ध तिने इन्जंक्शन पण घेतलेला. त्या दिवशी त्याने तिचा फोन तपासला आणि भांडण पेटलं. ती गॅरेजमध्ये गेली, तिचं म्हणणं होतं की गॅरेजचा दरवाजा उघडेना, म्हणून गाडीतली बंदूक घेतली आणि परत किचनमध्ये आली, तो अंगावर येतोय असं बघून एक गोळी झाडली. गोळी भिंतीत गेली. कुणाला खरचटलं सुद्धा नाही. पण नवऱ्याबरोबर त्याची दोन मुलं होती, म्हणून तीन माणसांवर बंदुकीने हल्ला असे तीन आरोप.

स्टँड युअर ग्राउंड मागितलं, जजने नाकारलं, कारण काय तर घराला पुढचं दार होतं मागचं दार होतं, आणि घाबरलेला माणूस बंदूक घेऊन परत आत येत नाही. सरकारी वकिलाने तीन वर्षांचं डील दिलं होतं, म्हणजे गुन्हा कबूल केला तर तीनच वर्षं, ते तिने घेतलं नाही, मी स्वतःला वाचवलंय मग गुन्हा कबूल का करू, असं तिचं म्हणणं, आणि आपण तिच्या जागी असतो तर आपल्याला पण तेच वाटलं असतं. ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांनी, १२ मिनिटांत दोषी ठरवलं. मे २०१२ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली.

भिंतीत गेलेल्या गोळीला २० वर्षं कशी, हे तुम्ही विचाराल. तर फ्लोरिडात १९९९ पासून एक कायदा आहे, त्याला तिकडे टेन ट्वेंटी लाइफ म्हणतात. काही ठरावीक गुन्ह्यांत बंदूक नुसती जवळ असली तरी कमीत कमी १० वर्षं, गोळी झाडली तर २०, आणि गोळीने कुणी गंभीर जखमी झालं किंवा मेलं तर कमीत कमी २५ ते जन्मठेप. यात "कमीत कमी" हे खरं दुखणं आहे. जजला दया आली तरी तो खाली येऊ शकत नाही, बाईला किती वर्षं मार पडला, बाळ किती दिवसांचं, आधी गुन्हा केलाय का, सगळं ऐकून घेईल आणि तरी २० च लिहील.

पुढे २०१३ मध्ये वरच्या कोर्टाने तिची शिक्षा रद्द केली, कारण ज्युरीला चुकीचं सांगितलं गेलं होतं, स्वसंरक्षण तिनेच संशयापलीकडे सिद्ध करायला हवं असा अर्थ निघत होता, आणि कायदा तसा नाही. म्हणून परत खटला, आणि या वेळी सरकारी बाजू तिन्ही शिक्षा एकापुढे एक मागणार होती, म्हणजे ६० वर्षं. शेवटी नोव्हेंबर २०१४ मध्ये तिने तीन वर्षांचं डील घेतलं, १,०३० दिवस आधीच आत काढलेले होते, जानेवारी २०१५ मध्ये बाहेर आली आणि त्यानंतर दोन वर्षं पायात मॉनिटर लावून घरातच. जे डील आधी नाकारलं होतं साधारण तेवढ्यावरच येऊन थांबलं, मधली वर्षं गेली ती गेली, लेकरू नऊ दिवसांचं होतं ते शाळेत जायच्या वयाचं होत आलं.

या केसनंतर तिथले कायदे थोडे बदलले, २०१४ मध्ये स्वतःला वाचवण्यासाठी नुसती धमकी देण्याला किंवा इशाऱ्याच्या गोळीला पण संरक्षण मिळालं, २०१६ मध्ये या प्रकारचा हल्ला कमीत कमी शिक्षेच्या यादीतून काढला, २०१७ मध्ये सुरुवातीच्या सुनावणीत हे स्वसंरक्षण नव्हतं असं सिद्ध करायचं ओझं सरकारी वकिलावर गेलं. हे बदल चांगले आहेत, कुणाच्या तरी आयुष्याची किंमत देऊन आलेत. पण गोळी माणसाला लागली आणि खुनाचा आरोप लागून टिकला, तर २५ ते जन्मठेप हे आजही आहे.

मरिसाच्या केसमधल्या दोन गोष्टी तुमच्या बहिणीला मुद्दाम सांगा. एक, तिने घेतलेला इन्जंक्शन मधे तिनेच बदलून घेतला होता, संपर्काची बंदी काढून टाकली होती, पोटात बाळ होतं, संसार परत जमेल असं वाटलं असणार. दोन, जामिनावर असताना ती परत त्याच्या घरी गेली, तिथे पुन्हा झटापट झाली आणि जामीन रद्द झाला. आपण बाहेरून म्हणू की कशाला गेली, पण मार खाणाऱ्या बायका जातात परत, सगळ्या जगात जातात. कोर्टात मात्र सरकारी वकील एकच वाक्य विचारतो, एवढी भीती वाटत होती तर परत का गेलात? म्हणून उद्या इन्जंक्शन मिळाल्यावर त्याची आई फोन करून रडेल, मंडळातले कुणी काका मध्यस्थी करतील, एकदा माफ कर म्हणतील, तेव्हा तो कागद सैल करायचा नाही.

आता उशीखालचं पिस्तूल आणि व्हॉट्सॅप. ताई, यावर मी सगळ्यात जास्त जोर देते. तो झोपलेला असताना कपाटातून काढून उशीखाली ठेवलेलं पिस्तूल म्हणजे तिच्या मनात ते स्वतःच्या बचावासाठी आहे, पण ज्युरीसमोर ती तयारी दिसते. आणि "एकदाच काय तो निकाल लावते" हे मराठीत आपण सासूला पण म्हणतो, भाजीवाल्याला पण म्हणतो, रागाचं बोलणं आहे ते, पण ते भाषांतर होऊन पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसलं की ठरवून केलेला खून वाटतो. आहे ते मेसेज डिलीट करत बसू नका, तसं करणं पण अंगाशी येतं, फक्त यापुढे असलं काही लिहू नका, तुम्ही पण "मार त्याला" वगैरे लिहू नका. पिस्तुलाला तिने हातच लावू नये. आणि कायदा राहू दे बाजूला, झटापटीत पिस्तूल मधे आलं की ते ताकदवान माणसाच्या हातात जातं, म्हणजे त्याच्या.

शिक्षेचं विचारलंत म्हणून न्यूयॉर्कची एक केस पण सांगते. निकोल अडिमँडो, पोकिप्सी गावची, दोन लहान मुलांची आई, सप्टेंबर २०१७ मध्ये तिने मुलांच्या बापाला गोळी घातली. तिच्या अंगावरच्या जखमांच्या नोंदी आधीपासून होत्या. सरकारी बाजू म्हणाली तो झोपलेला होता. २०१९ मध्ये खुनासाठी दोषी, २०२० मध्ये १९ वर्षं ते जन्मठेप. मधल्या काळात, २०१९ मध्येच, न्यूयॉर्कने एक कायदा केला होता की आरोपी स्वतः मोठ्या अत्याचाराची बळी असेल, तो अत्याचार गुन्ह्याचं महत्त्वाचं कारण असेल आणि नेहमीची शिक्षा फारच कडक ठरत असेल तर जजला शिक्षा कमी करता येईल. खालच्या जजने तिला तो लावलाच नाही, तुला मदत मिळत होती, बाहेर पडायचे मार्ग होते, असं त्यांचं मत. जुलै २०२१ मध्ये वरच्या कोर्टाने लावला आणि शिक्षा साडेसात वर्षांवर आणली, जानेवारी २०२४ मध्ये ती सुटली. बघा, घटना तीच, पुरावे तेच, कायदा तोच, आणि एक जज जन्मठेपेपर्यंत जातो तर दुसरे साडेसात वर्षांवर थांबतात. ओक्लाहोमाने पण २०२४ मध्ये असा कायदा केला. मला वाटतं असा कायदा सगळीकडे हवा, कारण ज्या बाईला घरात रोज मार पडतो तिची आणि भाडोत्री गुंडाची गोळी एकाच तराजूत घालणं हा न्याय नाही. पण न्यूयॉर्कचा कायदा न्यूयॉर्कपुरता, टँपात तो कामाचा नाही.

आणि तुमच्या बहिणीच्या बाबतीत एक गोष्ट या दोघींपेक्षा वेगळी आहे, ती सिटिझन नाही. मरिसाने घेतलं तसं तीन वर्षांचं डील तिने घेतलं तर शिक्षा भोगून झाल्यावर तिला भारतात पाठवून देऊ शकतात, बंदुकीचा गुन्हा हे डिपोर्ट करायचं कारण धरतात, आणि मुलगी अमेरिकन म्हणून ती तिकडेच राहिली तर? तिच्यासाठी "कमी शिक्षा" असं काही नाहीच.

मग करायचं काय.

तिने पहिला फोन नॅशनल डोमेस्टिक व्हायोलन्स हॉटलाइनला करायचा, १-८००-७९९-७२३३, चोवीस तास असते, फुकट, आणि दुभाषी मागता येतो, इंग्लिश येत असलं तरी अशा वेळी माणसाला आपल्या भाषेतच नीट सांगता येतं म्हणून मराठी माग म्हणावं, नाहीच मिळाला तर हिंदी. फोन स्वतःच्या मोबाईलवरून नको, तो बिल बघत असेल, लोकेशन बघत असेल, शेजारणीचा घ्या किंवा लायब्ररीतला. आपल्या लोकांच्या संस्था पण आहेत, अटलांटाची रक्षा, न्यू जर्सीची मानवी (१९८५ पासूनची), तिथे "सासरचे", "समाजात नाव" हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. त्या टँपाच्या नाहीत पण फोनवर बोलून कुठे जायचं ते सांगू शकतात.

डॉक्टरला दाखवायचं, महिना झाला असला तरी. गळा आवळल्यावर बाहेर वळ दिसत नाही पण आतली रक्तवाहिनी फाटू शकते आणि नंतर पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोकं दुखणं ही सगळी लक्षणं सांगायची, आणि "पडले" असं अजिबात सांगायचं नाही. नवऱ्याने गळा आवळला, अमुक तारखेला, दोन दिवस गिळता येत नव्हतं, असंच्या असं फाईलमध्ये लिहिलं गेलं पाहिजे. फ्लोरिडात गळा आवळणं हा वेगळा, मोठा गुन्हा आहे, नुसती मारहाण नाही. तुम्हाला तिने त्या दिवसांत काही पाठवलं असेल, मानेचा फोटो, बसलेल्या आवाजातला व्हॉइस मेसेज, ते तुमच्याकडे तारखेसकट जपून ठेवा. मात्र त्याचं बोलणं चोरून रेकॉर्ड कर असं तिला सांगू नका, फ्लोरिडात समोरच्याच्या संमतीशिवाय खासगी बोलणं रेकॉर्ड करणं हाच गुन्हा होऊ शकतो, आधी वकिलाला विचारायचं. त्याने स्वतः पाठवलेले मेसेज, व्हॉइसमेल, ते ठेवायला काहीच हरकत नाही.

मग इन्जंक्शन. काउंटी कोर्टहाउसमध्ये क्लर्कच्या ऑफिसात अर्ज करायचा, घरगुती हिंसेच्या अर्जाला फी नाही, वकील नसला तरी चालतो. अर्जात पिस्तुलाचं लिहायचंच, कुठल्या कपाटात असतं, कितीदा टेबलावर ठेवलं, काय बोलला. जजला पटलं तर त्याला न बोलावता तात्पुरता हुकूम मिळतो, आणि साधारण १५ दिवसांच्या आत दोघांची सुनावणी. त्याला घराबाहेर राहायला सांगता येतं, मुलीचा ताबा तात्पुरता तिला देता येतो. सुनावणी होऊन कायमचा हुकूम झाला की त्याला पिस्तूल ठेवताच येत नाही, राज्याच्या कायद्याने पण आणि केंद्राच्या पण, आणि तो केंद्राचा कायदा जून २०२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने रहीमी केसमध्ये आठ विरुद्ध एक मतांनी टिकवलाय. म्हणजे ज्या वस्तूने तिची झोप उडालीये ती घराबाहेर काढायचा सरळ रस्ता आहे, आणि तो चालताना तिच्या हातात बेडी पडत नाही.

पण ज्या दिवशी पोलीस त्याला तो कागद द्यायला जातील त्या दिवशी ती आणि बाळ त्या घरात नकोत. शेल्टरमध्ये, मैत्रिणीकडे, कुठेही, त्या घरात नको. हॉटलाइनवाले याला सेफ्टी प्लॅन म्हणतात, तारीख वेळ धरून तिच्याबरोबर बसून करून देतात.

ग्रीन कार्डची धमकी तो देत असणारच, "निघालीस तर कार्ड जाईल". खोटं आहे. कंडिशनल कार्ड पक्कं करायचा अर्ज नवऱ्याच्या सहीशिवाय, एकटीने करता येतो, छळ झालाय हे कारण देऊन, आणि दोन वर्षं पुरी व्हायची वाट बघायची पण गरज नाही. इमिग्रेशनवाल्यांना तिची ती माहिती त्याला देता येत नाही, कायद्याने बंदी आहे.

मधेच रात्री काही झालं तर ९११. पोलीस आल्यावर नवऱ्याला बोलू द्यायचं नाही, तो छान इंग्लिशमध्ये शांतपणे सांगेल की बायको जरा हिस्टेरिकल आहे, गालावरचा ओरखडा दाखवेल, आणि हिलाच आत टाकतील, असं होतं. तिने मोठ्याने सांगायचं, गळा धरला, बंदूक आहे, मला दुभाषी हवाय. अटक होवो न होवो, रिपोर्ट लिहिणं पोलिसांना बंधनकारक आहे, त्याचा नंबर मागून घ्यायचा.

आणि देव न करो पण खरंच जीवावर बेतलं आणि तिने हातात येईल त्याने स्वतःला वाचवलं, तर तो तिचा हक्क आहे, तो मी नाकारत नाही. तेव्हा ९११ ला तिनेच फोन करायचा, माझ्यावर हल्ला झाला, अँब्युलन्स पाठवा एवढं सांगायचं, स्वतःला पण दवाखान्यात न्यायला सांगायचं, आणि पुढे "मला वकील हवाय, त्याच्याशिवाय बोलणार नाही" इतकंच. आपल्या मुलींना वाटतं सगळं खरं खरं सांगितलं की सुटका होते, आणि थरथरत रात्रभर बोलत बसतात, आणि त्यातल्या एका उलटसुलट वाक्यावर पुढचा खटला उभा राहतो.

नाशिकला केस टाकायचं विचारलंत. माहेरी परत आलेल्या बाईला माहेरच्या गावी छळाची तक्रार करता येते, २०१९ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने तसं स्पष्ट केलंय, जुनं ४९८ अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय. पण ती आज टँपात आहे, तो परदेशी नागरिक आहे, आणि नाशिकच्या एफआयआरने तिकडच्या कपाटातलं पिस्तूल हलत नाही, उलट नोटीसची बातमी त्याच्या कानावर गेली तर राग तिच्यावर निघेल. आत्ता नको, ती सुरक्षित झाली की मग बघू. तसंच "तिकीट काढतो, बाळाला घेऊन निघून ये" असंही घाईने करू नका, बापाच्या संमतीशिवाय मूल देशाबाहेर नेणं तिकडे अपहरणाचा गुन्हा होऊ शकतो. मारापासून पळाली हा बचाव त्या कायद्यात आहे, पण तो पण नंतर कोर्टात मांडावा लागतो, म्हणून आधी वकील. अटलांटाच्या भारतीय कॉन्सुलेटकडे फ्लोरिडा येतं, छळ झालेल्या भारतीय बायकांना वकिलाच्या खर्चासाठी सरकारकडून मदत असते, तुम्ही इथून ईमेल करू शकता, पण तिला विचारून.

आईला सांगा. बीपीचं औषध चालू आहे ना, मग सांगा. तिला टीव्हीवर किंवा नातेवाईकांकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे, आणि त्याहून महत्त्वाचं कारण म्हणजे तुमच्या बहिणीने अजून घर सोडलं नाही त्यात "आईला काय वाटेल" हे असणारच, लिहून देते. आईने स्वतः फोनवर एकदा म्हटलं ना, की तू निघ, बाळाला घे आणि निघ, आम्ही आहोत, की तिचं अर्धं ओझं उतरेल. फक्त तो कॉल तो ऑफिसला गेल्यावर लावा, टँपाची सकाळ म्हणजे आपल्याकडची संध्याकाळ, आणि कॉल लागल्यावर आधी विचारा की एकटी आहेस का.